दार उघडं ठेवून

आमच्या घरात ख्रिस्ती विश्वास आला तो एका मुलाने आईवडिलांचं ऐकलं नाही म्हणून. माझ्या सासऱ्यांचे आजोबा राहुरीकडच्या एका खेड्यात, गावकुसाबाहेरच्या वस्तीत जन्मले. मिशनच्या शाळेत अक्षरओळख झाली, मोठेपणी त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या आईने त्यांच्याशी बोलणं टाकलं. भाकरी मात्र बंद केली नाही. ताट वाढायची, पुढे सारायची आणि पाठ फिरवून चुलीकडे बसायची. आमच्याकडे ही गोष्ट सांगितली जाते ती आजोबांच्या धीराची म्हणून. कसे ते डगमगले नाहीत, एकटे पडूनही कसे प्रभूला धरून राहिले. लग्न होऊन बदलापूरला आले तेव्हा मीही ती तशीच ऐकली. मुलं झाल्यावर माझं लक्ष त्या पाठमोऱ्या बाईकडे जाऊ लागलं. पोटचा पोर तिच्या देवांना सोडून निघाला होता. जत्रा, नवस, वाडवडिलांपासून चालत आलेलं जे काही तिने त्याच्यासाठी राखून ठेवलं होतं, ते त्याला नको होतं. आज आमची मोठी पंधरा वर्षांची आहे, धाकटा बारा. त्या बाईच्या जागी आता मी उभी आहे.

वसईकडच्या कॅथलिक घरांची गोष्ट वेगळी. तिथे पोर्तुगीज काळापासून, चारशेहून अधिक वर्षं, मूल जन्मतं तेच चर्चच्या घंटेच्या आवाजात. पण देशावरून आलेल्या आमच्यासारख्या घरांचा इतिहास म्हणजे बराचसा घर सोडून निघालेल्या मुलांचाच इतिहास. बाबा पदमनजींनी १८५४ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ‘अरुणोदय’मध्ये आपल्या त्या वाटचालीची कहाणी लिहिली. नारायण वामन टिळकांनी १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांची पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांत होत्या. अशी नावाजलेली माणसं थोडी. ज्यांची नावं कुठेच छापली गेली नाहीत अशी शेकडो माणसं नगर, जालना, सोलापूरकडच्या खेड्यांत होती. त्यांची पणतवंडं आज कल्याणच्या पुढे कर्जतपर्यंत लोकलच्या डब्यात भेटतात. आणि आम्ही या पणतवंडांना शब्बाथशाळेत दहा आज्ञा शिकवतो. त्यांतली पाचवी आज्ञा आईबापांचा मान राखण्याची आहे. ती पाठ करून घेताना मला दर वेळी वाटतं, आपण मुलांकडून ज्या आज्ञाधारकपणाची अपेक्षा धरतो, तो आपल्या पूर्वजांनी दाखवला असता तर आपण आज या बाकावर बसलोच नसतो.

माझे सासरे अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झाले. १९५०च्या दशकात तो कारखाना उभा राहिला आणि देशभरातून माणसं आली. त्यांत मल्याळी होते, तमीळ होते, गोव्याचे होते, आमच्यासारखे नगरचे होते. कामाच्या शिफ्टमध्ये एकत्र, पण रविवारी प्रत्येकाची भाषा वेगळी, प्रार्थनेची तऱ्हा वेगळी. केरळी कॅथलिकांसाठी १९८८ साली कल्याणला स्वतंत्र धर्मप्रांतच झाला. आम्ही मराठी प्रोटेस्टंट या पट्ट्यात विखुरलेले. मराठी उपासनेला जायचं तर गाडी धरावी लागते आणि रविवारी मध्य रेल्वेचा ब्लॉक ठरलेला. फलाटावर उभं राहून मुलांनी इंडिकेटरकडे बघायचं, मी घड्याळाकडे, सासऱ्यांनी रुळांकडे. पोहोचेपर्यंत पहिलं गीत झालेलं असतं. तरी आम्ही जातो. पाऊस असो, परीक्षा असो, दुसऱ्या दिवशी युनिट टेस्ट असो, जातो. घरात ज्या गोष्टीसाठी आईबाप तंगडतोड करतात, ती गोष्ट मुलाच्या लेखी मोठी होते. विश्वास द्यायचा म्हणजे आधी एवढंच करायचं, असं मला वाटतं. मुलांसमोर आपण कशासाठी धावतो ते त्यांना दिसू द्यायचं.

रात्रीची कौटुंबिक प्रार्थना साडेनऊला. टीव्ही बंद होतो, ओट्यावरची भांडी तशीच राहतात. सासरे वचन वाचतात, ‘उपासना संगीत’मधलं एक गीत होतं. धाकट्याला टिळकांची भजनं आवडतात, कारण त्यांना ताल धरता येतो. तो डब्याच्या झाकणावर ठेका धरतो आणि आजोबा ते चालू देतात. मग एकेकाने प्रार्थना करायची. माझा नवरा तसा अबोल माणूस. अंबरनाथच्या एमआयडीसीत त्याची कंपनी दोन वर्षांपूर्वी बंद पडली, त्या दिवशी त्याने प्रार्थनेत ते सांगितलं. मला आधी सांगितलं नव्हतं, मुलांना नाही, आपल्या वडिलांनाही नाही. “प्रभू, आज कंपनीने गेट बंद केलं. पुढे काय ते मला कळत नाही,” एवढं बोलला आणि गप्प बसला. मुलीने डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं. शब्बाथशाळेतल्या किती धड्यांनी तिला जे समजलं नसेल ते त्या क्षणी समजलं असावं. आपला बाप ज्याच्याशी बोलतो तो त्याला खरोखरच तिथे वाटतो. पुढे दुसरी नोकरी लागली. पण मी मुलांना कधी असं सांगितलं नाही की बघा, प्रार्थना केली म्हणून लागली. तसं सांगितलं असतं तर ज्यांना लागली नाही त्यांच्या प्रार्थनेचं काय, हा प्रश्न मुलांनी विचारलाच असता, आणि तो रास्त असता.

मुलांना भीती घालून विश्वासात ठेवणाऱ्यांचा मला राग येतो. नरकाची वर्णनं ऐकवायची, मोबाईल बघितलास तर प्रभू येईल तेव्हा मागे राहशील म्हणायचं, ताप आला की कोणतं पाप केलंस ते विचारायचं. हे मी बघितलं आहे, चांगल्या, भाविक माणसांकडून बघितलं आहे. भीतीने बसलेलं मूल भीती सरली की उठून जातं. आणि जे आयुष्यभर उठत नाही त्याची मला जास्त काळजी वाटते.

उलट बाजूचे लोकही भेटतात. ऑफिसातली एक शिकलीसवरलेली मैत्रीण म्हणते, मुलांवर धर्म लादूच नये, मोठी झाली की ठरवतील. ऐकायला चांगलं वाटतं. पण कोरं घर असं कुठे असतं? आमच्या रस्त्यावर गणपतीत दहा दिवस आरत्या, नवरात्रात गरबा, एप्रिलमध्ये भीमजयंतीची मिरवणूक, श्रावणी सोमवारी अंबरनाथच्या शिवमंदिराकडे निघालेली माणसं. ते मंदिर १०६० सालचं, शिलाहारांचं, आणि माझ्या मुलांनी शाळेच्या सहलीत त्याचं कोरीव काम बोट फिरवून बघितलं आहे. एवढं सगळं ज्यांच्या भोवती आहे त्यांना आपण काहीच दिलं नाही, तर ती मोकळी राहत नाहीत, उपाशी राहतात. शिवाय आमच्या मुलांना ‘तुम्ही कोण?’ हा प्रश्न जग विचारतंच. बहुसंख्यांच्या मुलांना तो सहसा विचारला जात नाही, म्हणून त्यांच्या आईबापांना ‘मोठी झाली की ठरवतील’ म्हणणं परवडतं.

मुलीला तो सातवीत विचारला गेला. एका वर्गमित्राने मधल्या सुट्टीत विचारलं, “तुमच्या घरच्यांना ख्रिश्चन व्हायचे किती पैसे मिळाले?” पोरगा वाईट नव्हता, घरात ऐकलेलं बोलला. मुलगी घरी येऊन दप्तर न काढता सासऱ्यांसमोर उभी राहिली आणि हाच प्रश्न त्यांना विचारला. सासऱ्यांनी तिला खरं सांगितलं. ते म्हणाले, पैसे नाही, पण धान्य मिळालं असेल. १८९६च्या दुष्काळात, मग १८९९–१९००च्या दुष्काळात नगर जिल्ह्यात माणसं पाल्यावर जगत होती. मिशनने खडी फोडायची कामं काढली, अनाथ पोरं गोळा करून बोर्डिंगात ठेवली. भुकेला माणूस जिथे जेवायला मिळतं तिथे जातो, त्यात लाज कसली? पण बाळा, असं बघ, धान्य संपलं, दुष्काळ सरला आणि तरीही आमची माणसं तिथेच राहिली. कारण तिथे त्यांना दारात थांबवत नव्हते. त्यांच्या पोरांना पाटी मिळाली. रविवारी एका ओळीत बसायला मिळालं.

मग त्यांनी तिला आणखी एक गोष्ट सांगितली, जी मी त्यांच्या तोंडून तेव्हाच पहिल्यांदा ऐकली. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींच्या सवलती आधी फक्त हिंदूंना होत्या. पुढे १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्यांना नाहीत. म्हणून सासऱ्यांच्या वडिलांना नात्यातल्या लोकांनी समजावलं होतं की पोराच्या शाळेच्या दाखल्यावर ख्रिस्ती लिहू नकोस, जात लिही, पुढे नोकरीला कामी येईल. चर्चला जायला कोण अडवतंय? पुष्कळांनी तसं केलं आणि मी त्यांना नावं ठेवत नाही, पोटापुढे रकान्याचं काय मोल. पण सासऱ्यांच्या वडिलांनी ख्रिस्ती लिहिलं. सासरे खुल्या वर्गातून फॅक्टरीत लागले, कामगार म्हणून, जिथे त्यांचे बरोबरीचे चुलतभाऊ कारकून झाले. “म्हणजे पैसे मिळाले का गेले, ते तूच सांग त्याला,” ते नातीला म्हणाले. तिने सांगितलं की नाही मला माहीत नाही. पण त्या दिवसानंतर ती आपलं आडनाव सांगताना आवाज खाली आणत नाही.

हे झालं बाहेरच्यांना उत्तर देणं. घरातल्यांना, आपल्याच रक्ताच्या माणसांना उत्तर देणं फार कठीण. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये माझी एक मैत्रीण राहते. सिंधी आहे. तिचा नवरा कॉलेजात असताना ख्रिस्ती विश्वासात आला, मग तीही आली. घरात तिची सासू आहे, नव्वदीच्या जवळपासची. १९४७ नंतर सिंध सोडून जी माणसं आली त्यांना सरकारने कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत ठेवलं. १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं. ही बाई त्या बराकीत लहानाची मोठी झाली. घर गेलं, शेत गेलं, नदी गेली. बरोबर आलं ते झुलेलालचं नाव आणि गुरुनानकांची बाणी. तेवढंच तिच्याकडे होतं आणि मुलाने तेही सोडलं. ती मला एकदा म्हणाली, “तिकडे मुसलमानांच्या राज्यातसुद्धा आम्ही सोडलं नाही, बेटा. इथे येऊन माझ्या पोराने सोडलं.” मी काय बोलणार होते? माझा तिच्या मुलाच्या विश्वासावर विश्वास आहे, तो जे जगतो ते खरं आहे हे मी बघितलं आहे. तरी त्या म्हातारीचं दुःखही तितकंच खरं आहे. मला तिच्यात राहुरीची ती चुलीकडे तोंड करून बसलेली बाई दिसली.

चेटीचंडला, सिंधी नववर्षाच्या दिवशी, ती म्हातारी ताहिरी करते. केशर घातलेला गोड भात, प्रसाद म्हणून. नातवाने तो खावा की नाही यावरून त्या घरात दोन वर्षं धुसफूस होती. आमच्यातल्या कुणाला विचाराल तर प्रसादाच्या प्रश्नावर दहा मतं मिळतील. माझे सासरे खात नसत आणि मुलांना खाऊ देत नसत. माझ्या माहेरी सगळे खायचे. हा प्रश्न आजचा नाही. करिंथच्या मंडळीत पहिल्या शतकात तो पेटला होता, आणि पौलाने त्यांना लिहिलेल्या पत्रात त्याचा निकाल नियमाने लावलेला नाही. त्याने बघितलं ते समोरच्या माणसाकडे, माझ्या खाण्याने कुणाचं मन दुखावतं, कुणाचा पाय घसरतो याकडे. माझी मैत्रीण शेवटी आपल्या पाळकांकडे गेली. ते म्हणाले, पोराला आजीच्या शेजारी बसवा आणि आजीला विचारा की सिंधमध्ये ताहिरी कशी करायचे. आता तो खातो. आधी आपली प्रार्थना करतो, मग खातो. आजी त्याच्या प्रार्थनेपुरती थांबते.

सगळे देव एकच, असं मी मुलांना सांगत नाही. मला तसं वाटत नाही आणि जे वाटत नाही ते शेजारधर्म म्हणून बोलणं हा शेजाऱ्याचाही अपमान आहे. प्रभू येशू हाच माझ्या लेखी मार्ग आहे, हे मी मुलांना आडपडदा न ठेवता सांगते. पण त्या मार्गावर चालणाऱ्याने दुसऱ्याच्या देव्हाऱ्याशी कसं वागायचं ते मी सांगून त्यांना कळलं नसतं. ते त्यांनी २०१९च्या पुरात बघितलं.

त्या २६ जुलैच्या रात्री उल्हास नदीला पूर आला. पहाटे आमच्या इमारतीच्या तळमजल्यात पाणी शिरलं. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस हजाराहून जास्त प्रवाशांसकट पाण्यात उभी होती, हे सगळ्या देशाने पुढे टीव्हीवर पाहिलं. आम्हाला तेव्हा दिसत होता तो फक्त आमचा जिना आणि त्याच्या पायऱ्या गिळत येणारं गढूळ पाणी. धाकटा तेव्हा सहा वर्षांचा. काही आठवड्यांपूर्वीच शब्बाथशाळेत नोहाच्या तारवाचा धडा झाला होता, त्याने पुठ्ठ्याचं तारू करून त्यात प्लॅस्टिकचे प्राणी बसवले होते. तो कठड्याला धरून खाली बघत होता आणि त्याने मला विचारलं, “आई, तळमजल्यावरचे काका वाईट आहेत का?”

त्याच्या डोक्यात हिशेब चोख होता. पाणी आलं, वरचे वाचले, खालचे बुडतायत. उत्पत्तीच्या पुस्तकात तारवाचं दार देवाने स्वतः लावून घेतलं असं आहे, आणि बाहेर राहिलेल्यांचं काय झालं ते शब्बाथशाळेच्या चित्रात काढत नाहीत. मी त्याला म्हटलं, “काका चांगले आहेत. खाली जा आणि त्यांच्या हातातला डबा घे.” तो गेला. तांदळाचा डबा त्याला पेलला नाही, त्याने डाळीचा घेतला. माझा नवरा आणि वरच्या मजल्यावरचा बौद्ध मुलगा अशा दोघांनी शिलाई मशीन उचलून आणलं. सिलेंडर आला, कागदपत्रांची पिशवी आली, भिजलेलं दप्तर आलं. सगळ्यात शेवटी काकू आल्या. त्यांच्या हातात स्टीलची परात, तिच्यावर टॉवेल, टॉवेलखाली त्यांचे देव. त्या आमच्या उंबऱ्यापाशी थांबल्या. आत यायचं की नाही हे त्यांना कळेना. माझे सासरे प्रसादाचा कणही न खाणारे, घरात कसलीही मूर्ती नको म्हणणारे. काकूंना ते ठाऊक होतं.

सासरे उठले. आमच्या शोकेसची वरची फळी, जिथे डिसेंबरात आम्ही गव्हाणीचा देखावा मांडतो, ती त्यांनी स्वतःच्या पंच्याने पुसली आणि म्हणाले, “इथे ठेवा. उंच आहे, कोरडं आहे.”

दोन दिवस ते देव आमच्याकडे होते. वीज नव्हती. संध्याकाळी काकूंनी निरांजन लावलं, हात जोडले, पुटपुटत काही म्हटलं. त्यांचं होईपर्यंत आम्ही थांबलो. मग मेणबत्ती लावून आमची प्रार्थना केली. सासऱ्यांनी त्या गाडीतल्या प्रवाशांसाठी मागितलं, नदीकाठच्या वस्त्यांसाठी मागितलं, काकांच्या दुकानासाठी नाव घेऊन मागितलं. काकूंनी आमच्या ‘आमेन’ला मान हलवली. रात्री अंधारात मुलगी मला विचारत होती की आजोबांनी नियम मोडला का. मी तिला आजोबांनाच विचारायला सांगितलं. ते म्हणाले, “मी त्यांच्या देवापुढे वाकलो नाही. त्यांच्यापुढे वाकलो.” माझ्या मुलांचं धर्मशिक्षण ज्या दिवशी झालं तो दिवस मला विचाराल तर मी हा सांगेन.

आईबापांचा मुलांच्या विश्वासावर हक्क किती, हा वाद महाराष्ट्रात जुना आहे. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, बारा वर्षांच्या आसपासचा, तोही मिशनऱ्यांकडे राहू लागला. वडील कोर्टात गेले आणि कोर्टाने मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. मग ब्राह्मण समाजाने त्याला परत घ्यायचं की नाही यावर गदारोळ झाला, आणि बाळशास्त्री जांभेकर त्या पोराच्या बाजूने उभे राहिले. मोठ्यांची ही सगळी ओढाताण चालू असताना त्या मुलाला काय वाटत होतं, हा विचार मला सोडत नाही. आज राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमात आहे की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदानावरच्या शाळेत कुणालाही संमतीवाचून धार्मिक शिक्षण देता येणार नाही, आणि मूल अज्ञान असेल तर संमती पालकाची लागेल. बाप म्हणून, आई म्हणून हा मोठा भरवसा आहे. दुसऱ्याने माझ्या मुलाला माझ्या नकळत वळवू नये. पण ते कलम घराच्या उंबऱ्यापर्यंतच येतं. आत मी माझ्या मुलाशी कशी वागते ते बघायला कुठलंही कोर्ट नाही.

म्हणून मी पंडिता रमाबाईंकडे जाते. १८८३च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, मांडीवरच्या मनोरमेलाही दिला. मुलीच्या वतीने त्यांनी निर्णय घेतला, आम्ही सगळे घेतो तसाच. पण पुढे तिथल्या सिस्टर जेराल्डिन मनोरमेला आपल्या शिस्तीत, आपल्या पंथाच्या चौकटीत वाढवू लागल्या तेव्हा रमाबाईंनी पत्रांमागून पत्रं लिहून विरोध केला. माझी मुलगी परकी होता कामा नये, ती आपल्या माणसांत वाढली पाहिजे, आणि न समजलेली मतं तिच्यावर लादू नका, असा त्यांचा आग्रह. ज्यांनी आसरा दिला त्यांच्याशी असं भांडायला जिगर लागते.

आणि मग रमाबाईंचं पुण्यातलं शारदा सदन, विधवा मुलींसाठीचं. १८८९ साली मुंबईत सुरू होऊन दुसऱ्या वर्षी पुण्याला गेलेलं. तिथे रमाबाई आपल्या मुलीबरोबर बायबल वाचत, प्रार्थना करत, आणि खोलीचं दार उघडं असे. सदनातल्या काही विधवा मुली येऊन बसू लागल्या. १८९३ साली त्यावरून वादळ उठलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखी त्यांची पाठराखण करणारी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांचा राग मला समजतो. धर्म शिकवणार नाही या भरवशावर त्यांनी मुली पाठवल्या होत्या, आणि मीही माझ्या मुलीसाठी हाच भरवसा मागते. पण प्रार्थनेपुरतं दार लावून घ्या म्हटल्यावर रमाबाई लावून घेईनात. माझ्या लेकीबरोबर मी देवाचं नाव घेते ते चोरून घेणार नाही, ही त्यांची भूमिका. दोन्ही बाजू मनात धरून मी ती गोष्ट पुन्हा पुन्हा वाचते. आई म्हणून मला त्यातून जे घ्यायचं ते मी घेतलं आहे. आमच्या घरातली प्रार्थना बंद दाराआड होत नाही. आत यायला दार उघडं, आणि घरच्यांना उठून जायलाही उघडं.

टिळकांच्या घरातही हे होतं. नवऱ्याने धर्म बदलल्यावर लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग नगरला आल्या, आणि जातिभेदाचं कोडं स्वतःच्या मनाशी सोडवून १९०० साली आपल्या पायांनी ख्रिस्ती झाल्या. त्याच घरात पुढे बालकवी ठोंबरे राहिले, टिळकांनी त्यांना मुलासारखं वागवलं. बालकवी हिंदूच राहिले. १९१८ साली भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली ते गेले तेव्हा त्या ख्रिस्ती घराने मुलगा गमावला. एवढा प्रेमाने राहिलेला पोर आपल्या विश्वासात आला नाही, याचं टिळकांना कधी वाईट वाटलं असेल का? वाटलंच असेल. विश्वास असलेल्या माणसाला वाटणारच. तरी त्या घरात त्याचं ताट कमी झालं नाही.

या वर्षी आमच्या मोठीचं दृढीकरण व्हायचं होतं. बाप्तिस्मा तान्हेपणी आम्ही दिला होता, आता मंडळीसमोर उभं राहून तो स्वतःचा म्हणायचा. सहा मुलांचा वर्ग होता, पाळकसाहेब शनिवारी ऑनलाइन घ्यायचे. मार्चमध्ये एका संध्याकाळी ती म्हणाली, मी या वर्षी उभी राहणार नाही. विश्वास नाही असं नाही, पण आहे असं सगळ्यांसमोर म्हणण्याइतका आहे का ते माहीत नाही, आणि खोटं बोलायचं नाही. नवरा गप्प झाला. सासरे त्या रात्री जेवले कमी. नात्यातल्या एका बाईने मला फोन करून ऐकवलं की आईने लक्ष दिलं नाही की असंच होतं. मला रात्रभर झोप लागली नाही, हे खरं. माझ्या विश्वासात माझं सगळं आहे, आणि जे माझं सगळं आहे ते माझ्या लेकीला मिळावं असं मला वाटणारच. मी काही तटस्थ नाही.

सकाळी मी तिला डबा दिला आणि म्हटलं, “पुढच्या वर्षी विचारू का?” ती म्हणाली, “विचार.” ती रविवारी आमच्याबरोबर येते. छोट्यांच्या वर्गाला हातभार लावते, ईस्टरच्या नाटिकेचे संवाद तिने लिहिले. त्यात शंका घेणाऱ्या थोमाला तिने सगळ्यात जास्त बोलायला दिलं होतं आणि पाळकसाहेबांनी एक वाक्यही कापलं नाही.

मी तिच्यासाठी रोज प्रार्थना करते, तिच्यासमोर, नाव घेऊन. परवा तिने विचारलं, नक्की काय मागतेस? मी सांगितलं, दोन गोष्टी मागते. तुझा विश्वास माझा उसना नसावा, तुझा असावा. आणि काहीही झालं तरी या घरात कुणी कुणाकडे पाठ करून जेवायला वाढू नये.

“दुसरं देवाकडे कशाला मागतेस,” ती म्हणाली, “ते आपलं काम आहे.”